नकली स्कार्फ परत घेत नाहीत, तो पुढे विकू का?

प्रश्न : मी कोथरूडला राहते. नणंदेच्या साठीसाठी एका शॉपिंग साइटवरून ‘ओरिजिनल एर्मेस’ (महागडा फ्रेंच ब्रँड) रेशमी स्कार्फ २२ हजारांना घेतला. जाणकार मैत्रीण म्हणाली, नकली आहे. दिल्लीचा विक्रेता ‘टॅग कापलात, परत घेणार नाही’ म्हणतो. साइट म्हणते, आम्ही फक्त मध्यस्थ. सेकंडहँड म्हणून विकून टाकू का?

उत्तर : ताई, तेवढं मात्र करू नका. आज तुम्ही फसवणूक झालेल्या ग्राहक आहात. नकली आहे हे माहीत असताना विकलात, तर आरोपी व्हाल. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १०४ नुसार खोटं बोधचिन्ह असलेला माल विकणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. ‘मला शंकाच आली नाही’ हा बचाव तुम्हाला आता उरलेला नाही.

टॅगची सबब फोल आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे माल बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा असेल, तर विक्रेत्याला तो परत घेणं नाकारता येत नाही. साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. विक्रेत्याने हा माल कुठून घेतला त्याचं बिलही त्याच पत्रात मागा. खोटा विक्रेता बहुधा इथेच गप्प होतो, आणि ते मौन तुमच्या उपयोगी पडतं.

स्कार्फ धुऊ नका, इस्त्री करू नका. पैठणी घेताना धागा जाळून पाहतात, तसं तर मुळीच नको. शंभर टक्के रेशीम असूनही माल नकली असू शकतो. अस्सल एर्मेसची कड छापील बाजूकडे हाताने वळून शिवलेली, फुगीर असते. तुमची सपाट, मशीनची असेल तर जवळून फोटो काढा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच घ्या, अशी पानं लवकर गायब होतात. बिल, खोका, कापलेला टॅगही जपा.

महिन्यात दाद मिळाली नाही, तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जा. विक्रेता दिल्लीचा असला तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ मुळे तुम्ही राहता तिथेच तक्रार चालते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत २ वर्षांची. विक्रेता आणि साइट, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळदा पैसे तिथूनच परत मिळतात.