स्नायू कमी झाले तर मोठ्या आतड्यात गाठी होण्याचा धोका वाढतो का?

संबंध दिसतो, पण ‘स्नायू झिजले म्हणून गाठ झाली’ असं सरळ म्हणता येत नाही. कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी) झालेल्यांच्या काही अभ्यासांत कमी स्नायू असणाऱ्यांमध्ये ॲडिनोमा, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकणारे पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरच्या गाठी), जास्त आढळले.

कारण काय असावं? जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायूच शोषतात. ते घटले, पोटावर चरबी चढली की इन्सुलिनचं काम नीट होत नाही, शरीर ते जास्त बनवतं. आणि इन्सुलिन पेशींना वाढायलाही चिथावतं. शिवाय व्यायाम करताना स्नायू काही प्रथिनं रक्तात सोडतात. त्यातलं ‘स्पार्क’ नावाचं प्रथिन उंदरांच्या आतड्यात गाठी रोखताना दिसलं आहे. (उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हेही खरंच.)

उलटंही घडतं: आतड्याचा कर्करोगच स्नायू खातो. म्हणून वजन विनाकारण उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर प्रोटीन पावडरचे डबे आणत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. लक्षणं नसली तरी पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर तपासणीबद्दल विचारा. पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, तेवढ्यात तो काढून टाकता येतो.