न्यू ऑर्लिन्समध्ये कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या कोणत्या रेस्टॉरंटपासून सुरुवात करावी?

ट्रेमे वस्तीतील ‘डूकी चेज’पासून सुरुवात करावी. १९४१ साली सुरू झालेल्या या रेस्टॉरंटमध्ये आफ्रिकी, फ्रेंच आणि स्पॅनिश पाकपरंपरांच्या संगमातून घडलेले क्रिओल जेवण मिळते. शिवाय वर्णभेदाचे कायदे लागू असताना नागरी हक्क चळवळीतील कृष्णवर्णीय व गोरे कार्यकर्ते याच वास्तूच्या वरच्या मजल्यावर एकत्र जेवत आणि बैठका घेत, आणि माझ्या मते हा इतिहास ठाऊक असल्याशिवाय या शहराचे जेवण पुरते समजत नाही. या रेस्टॉरंटच्या दिवंगत शेफ लीआ चेज यांनी नावारूपाला आणलेला गम्बो, म्हणजे भातासोबत खायचा दाट रस्सा, अवश्य घ्यावा. मात्र त्यात कोळंबी, खेकडा व सॉसेज असते आणि पालेभाज्यांचा गम्बोही तेथे परंपरेने मांस घालूनच करतात, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी मागवण्याआधी विचारून घ्यावे.