रोममधील रस्त्यावरच्या नळांचे पाणी

प्रश्न : आईवडिलांना घेऊन आम्ही उन्हाळ्यात रोमला जाणार आहोत. तेथील रस्त्यावरच्या नळांचे पाणी प्यावे का?

उत्तर : अवश्य प्यावे. १८७४ पासून बसवल्या गेलेल्या या बिडाच्या नळखांबांना तेथे ‘नासोनी’ म्हणतात. शहरात असे सुमारे २,५०० खांब असून त्यांतून पिण्याचे पाणी अखंड वाहत असल्यामुळे ते नळात साचून राहत नाही. वाकड्या तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या बारीक छिद्रातून धार उसळते आणि वडीलधाऱ्यांना फारसे न वाकता पाणी पिता येते, ही सोय मला विशेष मोलाची वाटते. तोटीला तोंड मात्र लावू नये. ‘आक्वा नॉन पोताबिले’ (म्हणजे ‘पिण्यायोग्य नसलेले पाणी’) अशी पाटी असलेले पाणी, तसेच शोभेच्या कारंज्यांच्या हौदातले पाणी कटाक्षाने टाळावे.