संसदेत बेरोजगारीवर प्रश्न विचारल्याने खरंच काही होतं का?

तुम्ही विचारलंय: "दर अधिवेशनात खासदार बेरोजगारीवर प्रश्न विचारतात, मंत्री आकडे फेकतात, गोंधळ होतो, कामकाज तहकूब. मग संसद सरकारला रोजगाराचा जाब विचारते असं म्हणण्यात काही अर्थ आहे का?"

अर्थ आहे, पण तुम्ही बघताय त्या जागी तो नाही. टीव्हीवर दिसतो तो प्रश्नोत्तराचा तास. खरा जाब द्यावा लागतो तो लेखी उत्तरांना जोडलेल्या तक्त्यांत आणि बंद दाराआड बसणाऱ्या समित्यांत. तिथेही दोन अटी आहेत. प्रश्न नेमका हवा आणि सरकारने विषय समितीपर्यंत जाऊ द्यायला हवा.

मी राज्य सरकारच्या एका जिल्हा कार्यालयात नोकरी केली. विधिमंडळाच्या प्रश्नांची माहिती गोळा करून वर पाठवणं हा माझ्या टेबलाचा भाग होता. संसदेची पद्धत थोडी वेगळी असली तरी उत्तर तयार होण्याची रीत तीच. अधिवेशन लागलं की रजा बंद. सकाळी मंत्रालयातून फोन यायचा, 'एलएक्यू (विधानसभेचा प्रश्न) आलाय, दुपारपर्यंत माहिती द्या.' आम्ही तेच तालुक्यांना सांगायचो. तीन तालुके माहिती द्यायचे, चौथा 'निरंक' (म्हणजे सांगण्यासारखं काही नाही) कळवायचा, पाचव्याचा फोन लागायचा नाही. त्याची बेरीज करून वर जायची. तिथे कक्ष अधिकारी तिला सभागृहाची भाषा चढवायचे. आपल्याकडच्या प्रश्नाचा साचा ठरलेला आहे: हे खरे आहे काय, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय. उत्तरंही ठरलेली: हे अंशतः खरे आहे, कार्यवाही सुरू आहे, प्रश्न उद्भवत नाही.

गंमत अशी की प्रश्न जितका मोठा, तितकं उत्तर लिहिणं सोपं. 'राज्यात बेरोजगारी वाढली आहे, हे खरे आहे काय?' असा प्रश्न आला की आम्ही सुटकेचा श्वास सोडायचो. योजनांची नावं ओळीने लिहिली की झालं. घाम फोडायचा तो साधा दिसणारा प्रश्न: अमुक योजनेत अमुक वर्षात किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती जणांना प्रत्यक्ष पैसे मिळाले, तालुकानिहाय. तिथे योजनांची यादी चालत नाही.

दिल्लीत हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीत असतात आणि त्यांतले मोजकेच सभागृहात तोंडी घेतले जातात. २३० अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळतं. रोजगारावरच्या बहुतेक लेखी उत्तरांची सुरुवात एकाच वाक्याने होते: रोजगारनिर्मिती आणि रोजगारक्षमता वाढवणे याला सरकारचे प्राधान्य आहे. मग योजनांची माळ. पाच-सहा वर्षांची उत्तरं शेजारी ठेवून वाचा, परिच्छेदच्या परिच्छेद जुळतील.

पण २७ जुलै २०२२ चं एक लेखी उत्तर बघा. तेव्हा खासदार असलेले (आता तेलंगणचे मुख्यमंत्री) रेवंत रेड्डी यांनी 'बेरोजगारी किती' असं विचारलंच नाही. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी २०१४ पासून किती अर्ज आले आणि किती जणांची नियुक्तीसाठी शिफारस झाली, ते वर्षनिहाय विचारलं. राज्यमंत्री जितेंद्र सिंह यांचं उत्तर: २०१४-१५ ते २०२१-२२ या आठ वर्षांत २२.०५ कोटी अर्ज, ७ लाख २२ हजार ३११ जणांची शिफारस. २०१९-२० मध्ये १ लाख ४७ हजार ९६ आणि २०२१-२२ मध्ये अवघे ३८ हजार ८५०. म्हणजे आठ वर्षांत मिळून हजार अर्जांमागे तीन-सव्वातीन. एकच मुलगा रेल्वे, बँक, एसएससी (कर्मचारी निवड आयोग) सगळीकडे अर्ज करतो, त्यामुळे २२ कोटी अर्ज म्हणजे २२ कोटी माणसं नव्हेत, हे धरूनही हा आकडा बोलका आहे. कोणत्याही भाषणापेक्षा हा तक्ता जास्त टिकला. आजही लोक तोच काढून दाखवतात आणि तो सरकारचाच असल्यामुळे नाकारता येत नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आणखी एक उत्तर आलं होतं: १ मार्च २०२० रोजी केंद्रात ८ लाख ७२ हजार पदं रिक्त. जूनमध्ये पंतप्रधानांनी दीड वर्षात १० लाख पदं भरण्याची घोषणा केली आणि ऑक्टोबरपासून रोजगार मेळे सुरू झाले. त्या उत्तरामुळेच घोषणा झाली, असं मी म्हणणार नाही. निवडणुका, आंदोलनं, बरंच काही त्यात असतं. पण रिक्त पदांचा आकडा दरवर्षी सभागृहात वदवून घेतला नसता तर '१० लाख' हे माप कशाशी ताडायचं, हेच कळलं नसतं.

आता उलट बाजू. सप्टेंबर २०२० मध्ये लॉकडाऊननंतरचं पहिलं अधिवेशन भरलं. प्रश्नोत्तराचा तासच रद्द होता, फक्त लेखी उत्तरं. घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले, असा प्रश्न आला. कामगार मंत्रालयाने लिहिलं, अशी आकडेवारी ठेवली जात नाही. मृतांच्या कुटुंबांना भरपाई दिली का? वरील उत्तर पाहता प्रश्न उद्भवत नाही. एक कोटी चार लाखांहून अधिक मजूर घरी परतल्याचा राज्यनिहाय हिशेब मात्र सरकारने दिला होता. परतलेले मोजले, मेलेले नाहीत. लेखी प्रश्नाची ताकद इथे संपते. जे सरकारने मोजलंच नाही ते त्याच्याकडून काढता येत नाही, आणि न मोजणं हाही एक निर्णय असू शकतो.

मोजलेल्या आकड्यांतही निवड असते. विरोधक बेरोजगारीचा दर विचारतात, मंत्री रिझर्व्ह बँकेच्या क्लेम्स (KLEMS) या आकडेवारीतून रोजगार सांगतात: २०१४-१५ मध्ये ४७.१५ कोटी, २०२३-२४ मध्ये ६४.३३ कोटी. दराचं म्हणाल तर पीएलएफएस या सरकारी श्रमबल सर्वेक्षणानुसार तो २०१७-१८ मधल्या ६.१ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला. दोन्ही आकडे खरे. पण त्याच सर्वेक्षणात स्वयंरोजगारातल्या लोकांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून ५८ टक्क्यांवर गेलंय, आणि त्यात घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारेही मोजले जातात. बापाच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसलेला एम.कॉम. झालेला मुलगा या हिशेबात रोजगारात आहे. हा उपप्रश्न कुणी तरी उभं राहून विचारायला हवा. पण तोवर बहुधा घोषणाबाजी सुरू झालेली असते. त्याचा दोष मी एका बाजूला देणार नाही.

एक यंत्रणा फारशी कुणाला ठाऊक नसते: शासकीय आश्वासन समिती. मंत्र्याने 'माहिती गोळा केली जात आहे, ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल' असं म्हटलं की ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पूर्ण करणं अपेक्षित असतं. न झाल्यास समिती खात्याच्या सचिवांना बोलावते. वर्षानुवर्षं थकलेली आश्वासनंही आहेत, पण फाइल बंद होत नाही. टेबलावर काम केलेल्या माणसाला विचारा, न मिटणारी फाइल काय असते ते.

आता समित्यांकडे, कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे. खात्यांशी जोडलेल्या स्थायी समित्या १९९३ पासून आहेत. ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, मंत्री त्यात नसतो. कॅमेरा नसतो, पक्षादेश लागू नसतो. त्यामुळे सभागृहात एकमेकांवर ओरडणारी माणसं तिथे एकत्र बसून सचिवाला खोदून विचारतात. शिफारशी बंधनकारक नाहीत, पण स्वीकारल्या की नाकारल्या आणि का, हे सरकारला लेखी कळवावं लागतं.

पुढे मनरेगा म्हणून ओळखला गेलेला केंद्राचा रोजगार हमीचा कायदा घ्या. २००४ च्या डिसेंबरात विधेयक मांडलं गेलं तेव्हा हमी फक्त गरीब कुटुंबांपुरती होती. ते ग्रामविकासाच्या स्थायी समितीकडे गेलं. अध्यक्ष होते विरोधी भाजपचे कल्याण सिंह. समितीने महिने घेतले, साक्षी घेतल्या आणि जुलै २००५ मध्ये अहवाल दिला. गरिबीची अट काढा, हमी सगळ्या ग्रामीण कुटुंबांना द्या, असं त्यात होतं. ऑगस्टमध्ये कायदा झाला तो प्रत्येक ग्रामीण कुटुंबासाठी. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागायला गावात काय काय करावं लागतं हे ज्याला माहीत आहे, त्याला या एका बदलाची किंमत कळेल.

वीस वर्षांनी काय झालं? २०२५ मध्ये ग्रामविकासाच्याच समितीने, सप्तगिरी उलाका अध्यक्ष असताना, मनरेगाची मजुरी किमान ४०० रुपये आणि कामाचे दिवस १५० करा, अशी शिफारस केली. डिसेंबरात सरकारने मनरेगाच्या जागी नवं विधेयक आणलं, ज्याला लोक 'जी राम जी' म्हणतात. १२५ दिवसांची हमी, पण बहुतेक राज्यांसाठी केंद्र-राज्य खर्चाची वाटणी ६०:४०. १६ डिसेंबरला ते मांडलं, १८ ला लोकसभेने मंजूर केलं आणि त्याच मध्यरात्रीनंतर राज्यसभेनेही. समितीकडे पाठवा ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. नवा कायदा चांगला की वाईट, हा वाद वेगळा. पण ४० टक्के भार आपल्या तिजोऱ्यांना झेपेल का, हे राज्यांच्या वित्त सचिवांना समोर बसवून विचारायची जागा समिती होती, आणि ती वगळली गेली. तुमच्या प्रश्नातला वैताग मला इथे शंभर टक्के पटतो.

महाराष्ट्रातल्यांनी तर हे जास्त मनावर घ्यावं. रोजगार हमीची कल्पनाच विधिमंडळातून आली: वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, आणि सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला त्यांनी आधी प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळाने ती राज्यभर नेली, कायदा १९७७ चा. तिच्या खर्चासाठी लावलेला व्यवसाय कर आजही पगारपत्रकात महिना २०० रुपये कापला जातो, फेब्रुवारीत ३००. आणि फक्त या एका योजनेवर नजर ठेवायला दोन्ही सभागृहांची मिळून रोजगार हमी योजना समिती आहे. ती जिल्ह्यात येणार म्हटलं की रखडलेली देयकं निघायची, हजेरीपट अद्ययावत व्हायचे, कामावर पाण्याचा पिंप आणि सावलीला मांडव दिसायचा. दिखावा म्हणा हवं तर. मजुराला चार दिवस आधी पैसे मिळाले, एवढं मी पाहिलंय.

महालेखापरीक्षकांचं थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०२५ मध्येच त्यांचा पंतप्रधान कौशल्य विकास योजनेवरचा अहवाल संसदेत आला. तपासलेल्या ९५ लाखांहून अधिक लाभार्थ्यांपैकी ९४ टक्क्यांहून अधिक जणांच्या नोंदीत बँक खात्याचा रकाना रिकामा, शून्य किंवा निरुपयोगी होता. कुठे खाते क्रमांक म्हणून नुसतेच एक-एक-एक. असे अहवाल सरकारी खर्च तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीकडे जातात, आणि तिचं अध्यक्षपद १९६७ पासून प्रथेने विरोधी पक्षाकडे असतं.

तुम्हाला स्वतःला काही करायचं असेल तर संसदेच्या संकेतस्थळावर आपल्या खासदाराचे प्रश्न काढून बघा. तिथे नाव, मंत्रालय, तारीख घालून शोधता येतं. मग त्यांच्या कार्यालयाला तयार प्रश्न पाठवा, कारण आयता, नीट लिहिलेला प्रश्न त्यांनाही हवाच असतो. विषय सुचवतो: पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजना. ९९,४४६ कोटींची तरतूद, दोन वर्षांत साडेतीन कोटी नोकऱ्यांचं उद्दिष्ट, ऑगस्ट २०२५ पासून लागू. पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला १५ हजारांपर्यंतची रक्कम दोन हप्त्यांत मिळते, पहिला सहा महिने टिकल्यावर, दुसरा बारा महिने टिकल्यावर. तेव्हा 'योजनेची प्रगती काय' असं विचारू नका. विचारा: पहिला हप्ता किती जणांना मिळाला, त्यांपैकी दुसरा किती जणांना मिळाला, आणि उरलेल्यांपैकी किती जणांनी नोकरी सोडली, जिल्हानिहाय व महिनानिहाय. दुसऱ्या हप्त्यासाठी आर्थिक साक्षरतेचा एक कार्यक्रम पूर्ण करण्याची अट आहे. त्यामुळे अडकलेल्यांची संख्या वेगळी मागा, नाहीतर उत्तर लिहिणारा तिथूनच निसटेल. मी निसटलो असतो.