थू चिन फी : चिखल्यांवर चिनी साल

प्रश्न : पायाच्या बोटांमधल्या चिखल्या काही केल्या जात नाहीत, त्यात अंगठ्याचं नखही पिवळं आणि जाड झालंय. चीनमध्ये शिकणाऱ्या भाच्यानं ‘थू चिन फी’ नावाच्या सालीचा अर्क पाठवलाय. पत्रकावर ‘बुरशीनाशक गुण शास्त्रानं सिद्ध’ असं छापलंय. लावू का?

उत्तर : पत्रक खोटं नाही, अर्धवट आहे. थू चिन फी म्हणजे सुडोलारिक्स या चिनी सूचिपर्णी वृक्षाच्या मुळाची साल. ती दारूत मुरवून गजकर्ण-नायट्यावर लावायची चीनमधली जुनी रीत आहे. सालीतलं सुडोलॅरिक अ‍ॅसिड बी प्रयोगशाळेत कँडिडा आणि ट्रायकोफायटॉन या बुरशींची वाढ रोखतं. तुमच्या पायात ठाण मांडून बसलेली बहुधा ट्रायकोफायटॉनच.

मात्र काचेच्या बशीतली बुरशी बिचारी उघडी पडलेली असते. नखाखालची तशी नसते. शिवाय अल्कोहोल स्वतःच बुरशीला मारक, तेव्हा मी पहिल्यांदा विचारीन ते हे, की नुसतं अल्कोहोल लावलेल्या रुग्णांशी तुलना केली होती का? चिनी औषधांच्या जुन्या अहवालांत नेमकी हीच जागा रिकामी असते. १९८० साली हुनानमधल्या डॉक्टरांनी क्रिप्टोकॉकस बुरशीमुळे मेंदूज्वर झालेल्या २१ रुग्णांवर लसणाचा प्रयोग प्रसिद्ध केला. वाचायला थरारक, पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता! म्हणून चिनी औषधांना सरसकट नाकं मुरडायचं कारण नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हे औषध तिथल्याच वनस्पतीतून आलं आणि ते शोधणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांना २०१५ चं नोबेल मिळालं, ते रुग्णांवरच्या रीतसर चाचण्यांतून पार पडल्यावर.

या सालीतलं तेच द्रव्य प्राण्यांच्या पेशींच्या विभाजनातही अडथळा आणतं. तेव्हा भेगाळलेल्या, ओलसर कातडीवर ते नको. पोटात तर मुळीच नको.

मला जास्त धास्ती बाटलीत असलेल्या, पण बाटलीवर न छापलेल्या गोष्टींची वाटते. १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये त्वचारोगांसाठी दिलेली ११ चिनी ‘वनौषधी’ मलमं तपासली, तर ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड निघालं. बुरशीवर स्टिरॉइड चोपडलं की लाली-खाज ओसरते, माणूस खूश होतो आणि बुरशी आतल्या आत पसरते. अर्क लावल्यावर एक-दोन दिवसांतच कमालीचा आराम पडला, तर आनंदून जाऊ नका.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते कातडी नि नख खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. चिखल्यांना टर्बिनाफिन या बुरशीनाशकाचं मलम सहसा पुरतं. नखाला ते पुरत नाही. तिथं २५० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, सुमारे १२ आठवडे, तीही यकृताची तपासणी करून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. गोळ्या संपल्या तरी नख पिवळंच दिसेल. अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. आणि नमुना देईपर्यंत अर्क, मलम काहीही लावू नका, नाहीतर बुरशी असूनही अहवालात सापडायची नाही.