घरचे हो म्हणाले, मग रडू का आलं?

मी समुपदेशक आहे. पदवीचे निकाल लागले की जून-जुलैत एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. "मॅडम, दोन-तीन महिने बाहेरचे देश फिरून यायचंय. नोकरीला लागल्यावर कुठलं जमतंय? पण घरच्यांना पटवू कसं?" मुलांकडे पैसे बेताचे असतात, पाठीवर एक सॅक आणि मोबाइलमध्ये दहा-बारा व्हिडिओ साठवलेले. आईवडील आले तर तोच प्रश्न उलट्या बाजूने विचारतात: "वर्ष वाया नाही ना जाणार?"

या प्रश्नाचं माझं उत्तर इतक्या वर्षांत घोटून तयार झालं होतं: घरच्यांना घेऊन ये, मी समजावते. एका मुलीला मी ते जरा फारच लवकर दिलं. तिचीच ही हकिगत. तिने लिहायला परवानगी दिली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

पुण्यात इंजिनिअरिंगला चार वर्षं तिघी एका खोलीत राहिल्या. होस्टेलवर एकमेकींना गावाच्या नावानेच हाक मारायच्या: गडहिंग्लज, ठाणे आणि नागपूर. माझ्याकडे आली ती गडहिंग्लज. हातात ऑफर लेटर होतं, पण रुजू कधी व्हायचं त्याचा पत्ता नाही. कंपनी नुसतं "कळवू" म्हणत होती. मधल्या काळात तिघींनी पंचाहत्तर दिवसांचा बेत आखला होता. बँकॉकला उतरायचं, तिथून चियांग माई, मग लाओस, व्हिएतनाम आणि शेवटी कंबोडिया.

"झोप लागत नाही," ती म्हणाली. रात्री दोन वाजता उठून ती त्यांच्या खर्चाच्या एक्सेल शीटकडे बघत बसायची. ट्रिपचा ग्रुप तिने म्यूट केला होता. जेवताना तिकिटांचा विषय निघाला की पोटात गोळा यायचा.

"कशाची भीती वाटते?"

"घरचे नाही म्हणतील."

मी लगेच विश्वास ठेवला. तालुक्याच्या गावची मुलगी, वडिलांचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान, घरातलं कुणी कधी विमानात बसलेलं नाही. चित्र माझ्या ओळखीचं होतं. वडिलांना बोलावू का, असं विचारल्यावर ती फार पटकन हो म्हणाली. तिथेच मला शंका यायला हवी होती.

वडील रात्रीच्या एसटीने आले. मी समजावणीची सगळी तयारी करून बसले होते आणि ते म्हणाले, "जाऊ दे की मॅडम. मी कुठं गेलो? बेळगाव आन् पंढरपूर. पोरगी तरी बघंल." वर त्यांनीच मला सांगितलं, की व्हिएतनामने शिवाजी महाराजांचा गनिमी कावा वापरून अमेरिकेला हरवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरणाऱ्या या मजकुराला काही आधार नाही. पण त्या घडीला तो मजकूर मुलीच्या बाजूने होता, मी कशाला मध्ये पडू?

त्यांचा एकच प्रश्न होता, आणि तो खास मेकॅनिकचा होता. "तिकडं गाडी चालवणार काय? आपलं लायसन चालतं तिथं?" याचं उत्तर व्हिएतनामच्या हा जियांगमधल्या डोंगररस्त्यांवर भाड्याने मोटरसायकल घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. आपल्या आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना रस्तेवाहतुकीच्या १९४९च्या कराराखालचा आहे, व्हिएतनाम मानतं तो १९६८च्या कराराचा; म्हणजे आपला तिथे चालत नाही. भाड्याने गाडी देणारा काही विचारत नाही. पण अपघात झालाच तर विमा कंपनी पहिला प्रश्न वैध परवान्याचाच विचारते. "मग मागं बसायचं," वडिलांनी निकाल दिला. "तिथला माणूस चालवंल. घाटात हिच्यापेक्षा त्याचा हात बरा."

आईची भीती वेगळी होती आणि ती फोनवर कळली. तिने टीव्हीवर म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांची बातमी पाहिली होती. मार्च २०२५मध्ये तिथून सुटलेल्या पाचशेहून जास्त भारतीयांना थायलंडच्या माए सोतमधून हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं होतं. पोरीच्या नकाशावर थायलंड आहे म्हटल्यावर आई हादरणारच. अशा वेळी "असं काही होत नाही हो" म्हणणं खोटंही आहे आणि उद्धटपणाचंही. मी त्यांना त्या फसवणुकीची रीत सांगितली. मुलांना तिथे नोकरीचं आमिष ओढून नेतं: बँकॉकला या, कॉम्प्युटरवरचं काम आहे, तिकीट आम्ही काढतो. म्हणून नियम एकच ठरला. या प्रवासात कुणी कितीही गोड बोलून काम देऊ केलं तरी घ्यायचं नाही, आणि काम बघायला म्हणून कुणाच्या गाडीत बसायचं नाही. शिवाय रोज रात्री एक मेसेज: आज कुठे आहे, उद्या कुठे जाणार. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मेसेज नको, आवाज पाठवायचा." ते माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

एका बैठकीत होकार मिळाला म्हणून मी खूश. वडील चहा प्यायला खाली गेले आणि मुलगी ढसाढसा रडायला लागली.

घरचे नाही म्हणाले असते तर तिची सुटका झाली असती. "घरून परवानगी नाही गं," एवढं सांगून ती बाहेर पडली असती, आणि कुणी वाईटही वाटून घेतलं नसतं. ती पळवाट मी स्वतःच्या हाताने बंद केली होती.

पुढच्या आठवड्यात ती एकटी आली. या वेळी मी कमी बोलले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "दोन महिने झाले, मी नुसती मान हलवतो मॅडम. ठाणे म्हणते हे हॉटेल घेऊ, मी हो म्हणतो. आणि रात्री रडतो."

मान हलवतो, म्हणतो, रडतो. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. पुण्याच्या होस्टेलवर हसं होऊ नये म्हणून तिने पहिल्याच वर्षी "मी करते, मी जाते" अंगवळणी पाडून घेतलं होतं. माझ्यासमोरही आजवर तेच चाललं होतं. त्या दिवशी ते गळून पडलं.

"तुझ्याकडे किती आहेत?" मी विचारलं.

हा आकडा तिने आजवर कुणासमोर उच्चारला नव्हता. इंटर्नशिपचा स्टायपेंड, शिष्यवृत्तीतून उरलेले आणि शिकवण्यांचे, सगळे मिळून १,३५,०००. ठाणे आणि नागपूरच्या शीटवर माणशी १,८०,००० लिहिलेलं होतं आणि त्याखाली "सुपर बजेट!!" असं हसऱ्या चेहऱ्यासकट.

"बजेट ट्रिप" हा शब्द मोठा फसवा आहे. आपापल्या खिशाला अवघड जाणार नाही ते बजेट, असं जो तो धरून चालतो. ठाणेच्या दृष्टीने तीनतारांकित हॉटेलऐवजी हॉस्टेलमधली वेगळी खोली म्हणजे काटकसर. गडहिंग्लजच्या दृष्टीने काटकसर म्हणजे आठ जणींच्या खोलीतली वरची खाट. दोघीही खरं बोलत होत्या. "हजार-दोन हजारांनी काय फरक पडतो" हे वाक्य ठाणेने कुत्सितपणे कधीच म्हटलं नव्हतं. तिला खरोखर फरक पडत नव्हता. पैशांवरून दोस्तीत ताण येतो तेव्हा समोरची घमेंडखोर असेल असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा तिला फक्त ठाऊक नसतं, कारण आपण सांगितलेलं नसतं.

आम्ही कागद घेऊन बसलो. समुपदेशनात हिशेब कशाला, असं काही जण म्हणतील. भीती गोल गोल फिरत असेल तेव्हा तिला आकड्याला बांधायचं, हा माझा जुना उपाय आहे. २५,००० आधीच बाजूला काढले. ते दुखण्याखुपण्याचे, अचानक परतायचं झालं तर तिकिटाचे, आणि आल्यावर पहिल्या महिन्याच्या खोलीभाड्याचे. उरले १,१०,०००. जाण्यायेण्याची विमानतिकिटं २४,०००. विमा आणि व्हिसा मिळून ९,०००: व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशाला २५ डॉलर आणि नव्वद दिवस चालतो, लाओसचा त्याहून महाग, आणि थायलंडची त्या वेळी भारतीयांना व्हिसामाफी होती. मधल्या रेल्वे, बस, बोटी यांचे १३,०००. हातात राहिले ६४,०००.

पंचाहत्तरने भागल्यावर दिवसाला ८५३ रुपये आले. त्यात झोपायचं, दोन वेळ जेवायचं आणि काही बघायचंही. "जमंल," ती म्हणाली, पण तिचा चेहरा दुसरंच सांगत होता. मग बेचाळीसने भागलं. १,५२३. ती कागदाकडे बघत राहिली. "हे जमतं," ती म्हणाली. या वेळी आवाज वेगळा होता.

कर्जाचं भूतही त्याच कागदावर उतरवलं. चार लाखांचं शैक्षणिक कर्ज होतं आणि "फिरायला गेले तर हप्ता चुकेल" ही तिची रात्रीची दुसरी चिंता. तिच्या बँकेच्या कागदावर अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाची सवलत होती, म्हणजे हप्ता पुढच्या जूनपासून. व्याज मात्र थांबत नाही; दहा टक्क्यांनी महिन्याला साधारण ३,३०० चढत होते. ती घरी बसली असती तरी चढलेच असते. वर्ष वाया जाण्याचा मुद्दाही असाच निकालात निघाला. वर्ष कंपनीच्या "कळवू"मध्ये चाललं होतं, प्रवासामुळे नाही. एवढंच ठरवलं, की मेल रोज बघायचा आणि बोलावणं आलं तर कुठूनही तीन दिवसांत मुंबई गाठता येईल एवढे पैसे मोडायचे नाहीत.

खरी अडचण पुढे होती: हे मैत्रिणींना सांगायचं कसं. ती परत परत माफीने सुरुवात करत होती. "सॉरी गं, मी तुमचा मूड घालवते..." मी दर वेळी थांबवायचे. पैसे कमी असणं हा अपराध नाही, त्याची माफी मागितली की समोरच्याला दिलासा देण्याचं काम लागतं आणि आकडा बाजूला राहतो. शेवटी वाक्य एवढंच उरलं: "माझ्याकडे एक लाख दहा आहेत. त्यात माझे बेचाळीस दिवस होतात. त्रेचाळिसाव्या दिवशी मी सायगावहून परत येणार."

तिने ते सांगितलं आणि ठाणे उखडली. "चार वर्षं एका खोलीत राहिलो आणि आत्ता सांगतेस? आम्ही परक्या आहोत का?" आणि लगेच म्हणाली, "उरलेले मी भरते, तू नंतर दे." हे तिच्या रागापेक्षाही अवघड होतं, कारण ते प्रेमापोटी होतं. ते घ्यावं का, यावर आमची एक अख्खी बैठक गेली. मी तिला एकच विचारलं: कंबोडियात जेवणाचा पदार्थ निवडताना तुझा हात मेन्यूच्या कुठल्या बाजूला जाईल? ती म्हणाली, "किमतीच्या." मग तिने नाही म्हटलं. ठाणे दहा-बारा दिवस बोलली नाही. नागपूरने निरोप्याचं काम केलं.

गेल्या तिघी. अधूनमधून मला फोटो यायचे. मेकाँगवरची दोन दिवसांची संथ बोट, हुए साय ते लुआंग प्राबांग, मध्ये पाकबेंगला मुक्काम. लुआंग प्राबांगहून हनोईची बस, जिला चोवीस तासांच्या आसपास लागतात. त्या फोटोत तिघींचे चेहरे बघण्यासारखे आहेत. हा जियांगमध्ये तिघी तीन स्थानिक चालकांच्या मागे, हेल्मेट घालून. तो फोटो वडिलांनी दुकानात लावलाय म्हणे.

भांडणं झालीच. हा लाँग बेच्या क्रूझला दोघी गेल्या, ही हनोईच्या तळ्याकाठी बसून राहिली. त्या दिवशी तिने मला मेसेज केला होता: "वाईट वाटतंय. पण पोटात गोळा नाही." बेचाळीस दिवस झाले आणि ती सायगावहून परतली. बाकीच्या दोघी कंबोडियातल्या अंकोर वाटला गेल्या. विष्णूचं एवढं मोठं देऊळ, बाराव्या शतकातलं. चार वर्षं तिच्या कपाटाच्या दारावर त्याचं चित्र चिकटवलेलं होतं. तीन दिवसांचा पास ६२ डॉलर. तिने ते पाहिलं नाही. याबद्दल तिला अजून वाईट वाटतं, आणि मी तिला "परत जाशील की" असं म्हटलेलं नाही.

कंपनीचं बोलावणं ती परत आल्यावर पाच आठवड्यांनी आलं. रुजू व्हायच्या आधी भेटायला आली, माझ्यासाठी लाओसची कॉफी घेऊन. हिशेबाची वहीही दाखवायला आणली होती, तीन देशांच्या नोटा चिकटपट्टीने लावलेली.

"ठाणेकडून माझे तीन लाख यायचेत अजून," ती म्हणाली.

मी दचकले.

"किप हो मॅडम, लाओसचे. अकराशे-बाराशे रुपये होतात. धबधब्याच्या दिवशी तिचे मी भरले होते."

"मग, मागितलेस?"

"मागतो की," ती म्हणाली. "दर रविवारी मागतो."