आधी अ‍ॅम्प परत आणा

प्रश्न : मी मुलुंडला राहतो. मुलगी नाशिकला आजीकडे राहून इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए ७.४. दोन वर्षांपासून ती तिथे पंक म्युझिकचे, म्हणजे वेगवान, कर्कश रॉक संगीताचे कार्यक्रम करते. स्वतः बेस गिटार वाजवते. चार बँड आहेत, एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत महिन्यातून एकदा तीस-चाळीस पोरं जमतात. आता म्हणते, नोकरी नाशिकमध्येच बघणार, मी गेले तर हे सगळं बंद पडेल. समजावून पाहिलं, पॉकेटमनी बंद केला. शेवटी तिची तोंडी परीक्षा होती त्या दिवशी मी नाशिकला जाऊन तिचा अ‍ॅम्प्लिफायर एका ऑर्केस्ट्रावाल्याला सहा हजाराला विकून टाकला. अकरा जणांनी वर्गणी काढून मोडका घेतला होता म्हणे, हिने तो चालू केला. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मी स्वतः बारा वर्षं आमच्या गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार होतो, मला कलेचं वावडं नाही. पण नाव काढायचं तर मुंबईत काढावं, नाशिकमध्ये कोण विचारतं? शिवाय या संगीतात व्यसनं फार असं ऐकलंय. एमबीएची कोणती प्रवेश परीक्षा द्यायला लावू?
— एक वडील, मुलुंड

उत्तर :

नमस्कार,

मी अ‍ॅम्प्लिफायरच्या ओळीपाशी थांबले आणि बराच वेळ पुढे गेलेच नाही. मुलगी परीक्षकांसमोर बसलेली असताना तुम्ही मुलुंडहून नाशिकला गेलात आणि तिच्या पाठीमागे तिची वस्तू विकून आलात. आणि ती वस्तू तिची एकटीची नव्हती, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही खजिनदार होतात. मंडळाच्या वर्गणीतून घेतलेला लाउडस्पीकर एखाद्या कार्यकर्त्याच्या वडिलांनी परस्पर विकला असता, तर तुम्ही त्यांच्या दारात जाऊन उभे राहिला असतात. आज उरलेल्या दहा जणांना तोंड कोण देतंय? ती देते आहे. तुम्ही केलेल्या गोष्टीचा हिशेब ती देते आहे. ती तुमच्याशी बोलत नाही याचं मला अजिबात नवल वाटत नाही.

दुसरी गोष्ट मला माझ्या कामामुळे जास्त लागली. मोडका अ‍ॅम्प तिने चालू केला, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. अशा अ‍ॅम्पमध्ये बहुतेक वेळा आउटपुटचे ट्रान्झिस्टर उडालेले असतात, नाहीतर पॉवर सप्लायचे कपॅसिटर गेलेले असतात. नुसता नवा भाग बसवून चालत नाही. जुना का उडाला ते सापडलं नाही, तर नवाही पहिल्याच मिनिटाला जातो. शेवटच्या वर्षाची कितीतरी मुलं माझ्यासमोर बसतात. प्रोजेक्ट तयार विकत आणलेला असतो आणि आत काय आहे असं विचारलं की मान खाली जाते. तुमच्या मुलीकडे खरा प्रोजेक्ट होता, चाळीस जणांसमोर दर महिन्याला वाजणारा. ७.४ पेक्षा मुलाखतीत तो जास्त बोलला असता. तो तुम्ही विकलात.

परीक्षांचं म्हणाल तर एमबीएला राज्याची सीईटी आहे आणि कॅट आहे, एमटेकला गेट आहे, ध्वनिमुद्रण शिकायचं तर पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पदवीनंतरचा अभ्यासक्रम आहे. यातली एकही परीक्षा तिने मागितलेली नाही, म्हणून मीही सुचवत नाही.

‘नाशिकमध्ये कोण विचारतं’ याबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण ही समजूत माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पालकांची असते. लहान शहरात शिकायचं, जमवायचं आणि नाव काढायला मुंबई गाठायची. पंकचा इतिहास तुमच्या या समजुतीच्या विरोधात साक्ष देतो. १९७६ साली इंग्लंडमध्ये सगळी चर्चा लंडनची होती. मँचेस्टरजवळ बोल्टनला शिकणाऱ्या हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन पोरांनी सेक्स पिस्टल्स या लंडनच्या पंक बँडला मँचेस्टरला बोलावलं आणि ४ जूनला लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. हॉल भरला नव्हता. पण पुढे जॉय डिव्हिजन बँड काढणारी पोरं त्या थोड्या लोकांत होती. त्याच दोघांनी आपल्या बझकॉक्स बँडसाठी घरच्यांकडून आणि मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९७७ मध्ये चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली, कंपनीची वाट न बघता. घरच्यांकडून, हे लक्षात घ्या. लंडनला पळून न जाता दोघांनी लंडनचा बँड आपल्या गावात आणला आणि त्यामुळे त्या गावाचं संगीत बदललं. तुमची मुलगी हेच काम करू बघते आहे.

मुंबईकडे सगळं आहे असंही समजू नका. मी कॉलेजात असताना धोबीतलावच्या रंगभवनमध्ये रॉकचे कार्यक्रम ऐकले आहेत. १९८६ पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडचा महोत्सव व्हायचा, उघड्यावर, रात्री उशिरापर्यंत. आजूबाजूला रुग्णालयं आणि कॉलेजं, त्यामुळे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर ती जागा शांतता क्षेत्रात आली आणि संगीत थांबलं. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, रुग्णांना झोप हवीच. पण जागा गेली की तिथली पोरं कुठे जातात हे मी पाहिलंय. बरीचशी घरी जातात आणि वाजवणं सोडतात.

म्हणून ती गिरणीवरची खोली मला मोलाची वाटते. पबमध्ये का करत नाही, असं कोणी तिला विचारलं असेलच. पब चालतो दारूच्या बिलावर, आणि आपल्या राज्यात बिअरला एकवीस, कडक दारूला पंचवीस वर्षांची अट आहे. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांचा बँड तिथे पाहुणा म्हणूनही अडचणीचा. व्यसनांची भीती तुम्हाला वाटते ती खोटी नाही, पण याच संगीतात नेमका उलटा पंथही आहे. अमेरिकेत बर्कलीला गिलमन स्ट्रीटवर १९८६ च्या अखेरीपासून स्वयंसेवकांनी चालवलेली जागा आहे. तिथे दारू नाही, ड्रग्ज नाहीत, मारामारी नाही आणि कुठल्याही वयाचं पोर आत येऊ शकतं. ग्रीन डे हा प्रसिद्ध बँड तिथूनच वर आला. नाशिकच्या खोलीचा नियम काय आहे, हे तुम्ही तिला कधी विचारलंत का?

तुम्ही मराठी नाटक बघणारे असाल तर दादरचं छबिलदास आठवा. शाळेचा एक हॉल. १९७१ साली सुरू झालेल्या आविष्कार या नाट्यसंस्थेने तिथे वर्षानुवर्षं प्रयोग केले. नावं झाली नटांची आणि लेखकांची. पण हॉल मिळवणं, तारखा लावणं, पैशांची जुळवाजुळव करणं यात अरुण काकडे यांच्यासारख्या माणसाचं आयुष्य गेलं, आणि त्या माणसाशिवाय पडदा उघडला नसता. तुमची मुलगी वाजवते, पण खरी ती या जातीची आहे. तुम्हीही याच जातीचे आहात, नाहीतर कोणी बारा वर्षं खजिनदार राहत नाही.

आता पोटापाण्याचं. तिचं वाक्य पुन्हा वाचा : ‘नोकरी नाशिकमध्येच बघणार.’ पंकवर जगेन असं ती म्हणतच नाही. नोकरी करून हे चालवेन, इतकंच म्हणते, आणि हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. पंकच्या लहान कार्यक्रमांतून कुणाचं घर चालत नाही. दारावर दीडशे रुपये घेऊन चाळीस पोरं आली तर सहा हजार जमतात. त्यातून खोलीचं भाडं, साउंडवाला आणि बाहेरगावच्या बँडचं गाडीभाडं द्यायचं. उरत नाही. म्हणून ज्याच्या हातात पगार आहे आणि जो त्याच शहरात राहतो, त्याच्याच जिवावर या गोष्टी टिकतात. अंबड-सातपूरच्या कारखान्यांना इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनीअर लागतात. पगार मुंबईपेक्षा कमी असेल, पण आजीचं घर आहे. दोन वर्षं करू दे. वेल्डिंग मशीनचं पॉवर बोर्ड काय किंवा अ‍ॅम्प काय, हात बसला की तिला पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, ऑडिओ सर्व्हिसिंग, ध्वनियोजना अशा वाटा उघड्या आहेत. एमबीए तेव्हाही करता येईल.

पुढचं तिला वाचायला द्या. ‘मी गेले तर बंद पडेल’ हे तुझं वाक्य मला खटकलं. एका माणसावर उभी असलेली गोष्ट त्या माणसाच्या तापानेही बंद पडते. गिरणीच्या मालकाशी तुझ्याशिवाय आणखी कोण बोलतं? दारावरच्या पैशांची वही कुणाकडे आहे? रात्री दहाच्या आत आवाज बंद होतोय हे तू नसताना कोण बघेल? येत्या तीन कार्यक्रमांत ही तीन कामं तीन जणांना दे आणि त्यांत एक तरी अकरावी-बारावीचं पोर असू दे. चौथ्या कार्यक्रमाला तू फक्त बेस वाज. ते जमलं तर नाशिकला राहायचं की नाही, हे तुला मोकळेपणाने ठरवता येईल. मला वाटतं तू राहशील, आणि मला ते आवडेल. पण अडकून राहू नकोस.

आणि साहेब, त्या ऑर्केस्ट्रावाल्याचा नंबर तुमच्याकडे असेलच. आजच फोन करा. तो सहाचे आठ हजार मागेल, द्या. तिला फोन करून एवढंच सांगा की शनिवारी सकाळी मी नाशिकला येतोय, अ‍ॅम्प आणायला माझ्याबरोबर चल. पैशांचं तुम्ही बोला. त्याने आतलं काही बदललंय का, ते झाकण उघडून ती बघेल.